पोत्यातले आणि मुठीतले

३ जानेवारी २०२६, जळकोट

दोरी डावीकडं कमी पडली!

सव्वीस तारखेला संस्थेचा सुवर्णमहोत्सव. मुख्याध्यापिका जगदेवीबाई म्हणाल्या, "देविदासराव, तुम्ही आपल्याच बोर्डिंगात राहिलात, फ्लेक्सही तुम्हीच छापता. आठवीच्या पोरांकडून संस्थेची कालरेषा करून घ्या." दहावी नापास माणूस इतिहास शिकवायला उभा! वर्गात दोरी बांधली. एक वीत म्हणजे एक वर्ष. पहिली चिठ्ठी चिमट्यानं लावली — १९७६, स्थापना.

मागच्या बाकावर दामिनी शेजारणीच्या कानात — "माझी आजी तर एकाहत्तरपासून पोरांना भाकरी घालत होती." माझे कान तिखट. म्हटलं, "मोठ्यानं बोल की! इतिहास हाय त्यो."

तिची आजी रत्नम्मा. अठरा घरच्या बाया दळणाआधी ज्वारीची एक मूठ मडक्यात टाकायच्या, सोमवारी मडकी रत्नम्माच्या अंगणात रिकामी व्हायची. त्यावर नऊ पोरं शिकली. नोंदणी, पाटी, संस्थापक — सगळं पाच वर्षांनी.

५ जानेवारी

दामिनीनं फोटो आणला. नऊ पोरं, नऊ ताटल्या, मागं शाईत तारीख. १९७१! दोरीला पाच विती जोडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

९ जानेवारी

अध्यक्ष रेवणसिद्धअप्पांचा फोन. संस्थापकांचे चिरंजीव.

"देविदासराव, डावीकडचं तेवढं कापा. बायकांच्या गोष्टी त्या. आमच्या वडलांच्या आधी काय होतं?"

"ज्वारी होती."

"तुम्ही कशाला भांडून राहिलात? तुम्ही तर बोर्डिंगला घरचं ज्वारीचं पोतं आणून शिकलात."

"म्हणूनच. मी कुणाचं खाल्लं न्हाई, मला कुणाची भीड न्हाई."

"मग आमचे फ्लेक्स उदगीरला छापू."

"छापा. अप्पा, तुमचा वाढदिवस चौदा वेळा छापला, एकदा तरी वय विचारलं का? पण शाळेचं वय मी कापणार न्हाई."

त्यांनी फोन आपटला. चहा लई गोड लागला.

१० जानेवारी

जगदेवीबाई नजर चुकवून म्हणाल्या, "ही कालरेषेची पट्टी शाळेत लागणार नाही." बरं! माझ्या दुकानाची भिंत शाळेच्या फाटकासमोरच हाय.

१७ जानेवारी

पोरांना घरून दटावलं म्हणे. तरी बावीसपैकी एकोणीस दुकानात हजर. भिंत मोजली. रुद्रेशनं विचारलं, "काका, तुम्ही मुठीतले का?"

हसलो. "न्हाई रे, पोत्यातला!"

चौऱ्याऐंशी साल. बोर्डिंगात नियम होता — महिन्याला ज्वारीचं पोतं आणणारी पोरं पहिल्या पंगतीत, मुठीवर जेवणारी दुसऱ्या. आई, कावेरीबाई, दर एक तारखेला डोक्यावर पोतं घेऊन फाटकात उभी. मी सगळ्यांदेखत उतरवून घ्यायचो. दुसऱ्या पंगतीला ओरडायचो — "मुठीवाले, सरका!" सगळं सांगितलं पोरांना. हसली नाहीत. मलाही थोडी लाज वाटली. थोडीच.

पण उभा राहिलो तो आईच्या पोत्यावर नि माझ्या हातावर. म्हणून तर अप्पांशी मान वर करून बोलतो!

२३ जानेवारी

अप्पांचा निरोप — पट्टी लावली तर बघून घेऊ. उलट निरोप धाडला — बघायलाच लावतोय.

२४ जानेवारी

छापण्याआधी दामिनी आजीला घेऊन आली. रत्नम्मानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळी पट्टी बघितली, मग मला. "तू कावेरीचा ना रे?"

"हाव."

"पहाटे अंधारात यायची, रिकामं पोतं घेऊन. त्यात आम्ही मडकी ओतायचो. म्हणायची, अक्का, पोराला सांगू नका, पहिल्या पंगतीत बसू द्या."

माउस हातात घेतला. मग १९८४ खाली एक ओळ टाकली — देविदास, मुलगा कावेरीबाईचा. मुठीतला.

पट्टी छापायला लावली.