मुलाखतीतला नमस्कार

नागपूर,
४ ऑगस्ट १९९८

ती. अच्युतमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्याने आमच्या विद्यापीठाबरोबर पोस्टडॉक संशोधनाची एक जागा काढली आहे. टर्बाइनच्या पात्यांना जाणाऱ्या तड्यांवर दोन वर्षं काम, तेही खऱ्या यंत्रांवर. माझी पीएचडी नेमकी त्यातलीच. प्रयोगशाळेतल्या खेळण्याएवढ्या पात्यांचा आता वीट आला आहे. वयाची अट पस्तीस. फेब्रुवारीत मी त्यातून बाद होईन, म्हणजे ही शेवटचीच संधी. समितीतली माणसं कशी आहेत, तेवढं कळवावं. मामींना सांगा, भरली वांगी खाल्ल्याशिवाय मी परतणार नाही.

लोभ आहेच, तो वाढत राहावा.
तुमची भाची,
शालिनी

इंद्रपुरी, भोपाळ,
११ ऑगस्ट १९९८

चि. शालिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. निवड समितीत मीच आहे, तेव्हा घोडं गंगेत न्हालं म्हण. नात्याचं मी समितीला आधी सांगून ठेवतो, तू अर्जात लिहू नकोस. इथली माणसं विद्येपेक्षा वळण बघतात. डॉक्टरीण झालीस म्हणून ताठ मानेने शिरू नकोस. आत आल्यावर आधी मला वाकून नमस्कार कर, मगच खुर्चीत बस.

आपल्या वंदनाचं लग्न जुळत आलं आहे. मुलगा तुझ्यासारखाच पीएचडी. नाव एवढ्यात सांगत नाही, दृष्ट लागते.

घरी सर्वांना आशीर्वाद.
तुझा,
अच्युतमामा

इंद्रपुरी, भोपाळ,
२० सप्टेंबर १९९८

चि. शालिनीस अनेक आशीर्वाद.

झालं ते वाईटच झालं. इकडच्या लोकांत भाची मामाच्या पाया पडत नाही, उलट मामाच भाचीच्या पडतो. त्यामुळे तू ‘मामा’ म्हणत वाकलीस तेव्हा अध्यक्ष चमकले आणि ही खरंच तुमची भाची का म्हणून विचारलं. मी खोटं कसं बोलणार? नातं आधी न कळवलेला उमेदवार बाद, हा नियम काही मी केलेला नाही. आधी सांगून ठेवायचं मात्र राहून गेलं. वय झालं आता.

जागा जयंतला मिळाली. तुझ्यानंतर आत गेला तो, निळ्या टायवाला. तोच आपला होणारा जावई. साखरपुडा अजून व्हायचा आहे, म्हणून नियमात बसला. तड्यांचा विषय त्याला नवीन आहे, तेव्हा लग्नाला येताना तुझ्या प्रबंधाची एक प्रत आण. चार दिवस आधीच ये, रुखवताला तुझा हात लागेल. आता तुला सवडही आहे.

लोभ असू दे.
तुझा,
अच्युतमामा

नागपूर,
१ ऑक्टोबर १९९८

अच्युतमामा यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. मुलाखतीत केला, तोच शेवटचा समजावा.

तुमचं उभं आयुष्य भोपाळात गेलं. इकडची रीत तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिता आली असती. तुम्ही ती लिहिली नाहीत, वर वाकायला सांगितलंत. मी वाकले तेव्हा तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, तो हात अजून जाणवतो आणि किळस येते.

प्रबंध मिळणार नाही. मी लग्नाला येणार नाही. आई येईल, हौसेने रुखवतही करील. तिला मी सांगितलं आहे, की मुलाखतीत मलाच उत्तरं आली नाहीत. तिला भाऊ एकच आहे.

लोभ होता.
शालिनी