मांडवाच्या खांबाला तीन वर्षं पाणी

बालाघाट, २० एप्रिल २००८

शालिकराम भाऊजींना कालिंदीवहिनीचा नमस्कार. कटंगीला सगळे खुशाल असाल. गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं लोकांना सांगता? मी बरी आहे. (पत्र शेवटपर्यंत वाचा. मागच्या वेळी अर्ध्यावरून चहाला उठलात, हे तुमच्या जिजाबाईनं मला सांगितलं आहे.)

लिहायचं कारण असं, की तुमचा पुतण्या पियुष मला घर बंद करून पुण्याला चल म्हणतो. पुढच्या महिन्याचं तिकीट काढतो म्हणाला. मला हे घर सोडायचं नाही. आणि हे सगळं एका लॅपटॉपमुळे. दिवाळीत त्यानं त्याचा जुना लॅपटॉप इथे ठेवला; रविवारी त्यात श्रियाचं तोंड दिसतं. नात चार वर्षांची झाली, आजीला काचेतूनच ओळखते. पण चार्जर लावून त्यावर हात ठेवला की मनगटापर्यंत मुंग्या येतात. पहिले दोन महिने मी हा संधिवात समजून गोळ्या घेतल्या. मग भांडी घासायला येणारी मैनाबाई एकदा तो पुसायला गेली आणि फडकं टाकून ओरडली, "अवं माय, हे त चावते!" त्या दिवशी गोळ्या बंद केल्या. आता रविवारी मी रबरी चपला घालून, पाय लाकडी पाटावर ठेवून बसते. श्रिया विचारते, आजी, तू कुठे निघालीस?

शेवटी बाबूलाल वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला. "काकी, अर्थिंगच नाही है. तिसऱ्या भोकात काहीच येऊन नाही राह्यलं. फिटिंग केलती कोनं?" मला राग आला. भाऊजी, तुम्ही त्या दिवशी इथेच होतात. तुमच्या दादांनी अर्थिंगसाठी स्वतः छातीएवढा खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ. मीठ मीच दिलं, आणि होतं तेवढं दिलं म्हणून दोन दिवस अळणी भाजी खाल्ली. खड्ड्यात एक नळी सोडली होती; उन्हाळ्यात दर रविवारी हे तिच्यात बादलीभर पाणी ओतायचे. ओल गेली की अर्थिंग काम करत नाही. (हे मी त्यांच्या पेटीतल्या वायरिंगच्या हिंदी पुस्तकात वाचलं. चौथीनंतर माझं सगळं शिक्षण असंच, घरात सापडेल त्यावर झालं.) शेवटचं दवाखान्यात जाताना ते रिक्षात बसल्यावर म्हणाले, नळीत पाणी टाकत जा.

आता माझी करामत ऐका. त्यांच्या तेराव्याला माणसं चिखलात उभी राहू नयेत म्हणून मी अंगणात सिमेंट टाकून घेतलं. मिस्त्रीनं काही विचारलं असेल, मी मान हलवली असेल. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. नंतर पाहिलं तर सिमेंटातून एकच लोखंडी नळी वर आलेली. तिला मी तीन वर्षं पाणी घातलं. रविवारी नव्हे, रोज, आंघोळ झाल्या झाल्या. शेजारणींना वाटलं, माझं काही व्रत आहे. कोणी कुंकू लावलं, गेल्या श्रावणात एकीनं नारळ ठेवला. बाबूलाल उकिडवा बसून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काकी, हा त मांडवाचा खांब होय." पियुषच्या लग्नातला! खरी नळी सिमेंटखाली कोरडी पडली आहे. मी आत जाऊन बसले. जाताना त्यांनी एकच काम माझ्यावर टाकलं होतं.

बाबूलाल म्हणतो, सगळं अंगण फोडावं लागेल. खड्ड्याची जागा तुम्हाला ठाऊक आहे. पियुष तिकीट काढायच्या आत या.

तुमची,
कालिंदीवहिनी

ता. क. खांबाचं पियुषला कळू देऊ नका. जिजाबाईला सांगितलंत तरी ते त्याला कळेलच, म्हणून तिलाही नको.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच बाबूलाल आला. अंदाजानं एका जागी फोडलं आणि नळी सापडली. तार गंजली होती, ती बदलली. खड्डा चार बादल्या पाणी प्यायला. मुंग्या गेल्या. तेव्हा गुडघा घेऊन धावपळ करू नका, पियुषला नुसता फोन करा.

आणखी एक. मुंग्यांचं पियुषला मीच सांगितलं होतं. मी बरी आहे म्हटलं की त्याचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. मुंग्यांवर अर्धा तास बोलला, आणि पुढच्या रविवारी आपणहून पहिलं तेच विचारलं. म्हणून फोनवर त्याला घर ठीक आहे एवढंच सांगा. वहिनी ठीक आहे, असं एवढ्यात सांगू नका.