विझली, असं म्हणता येत नाही

बाबा, तुम्ही ड्युटीवरून आलात की दारात बूट काढता काढताच हाक मारायचात, "विझली वं!" ती हाक येईपर्यंत आई तवा ठेवत नसे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी पेटल्या तेव्हा तुम्ही दोन दिवस घरी आलाच नाहीत. आल्यावर मला म्हणालात, "गाठीच्या पोटात आग राह्यते गा. उकलून, पालथा हात लावून पाह्याचं, मंगच विझली म्हनाचं." मी शाळेत होतो. त्या एका वाक्यापायी मीही तुमच्यासारखा अग्निशमन दलात आलो.

आता मी नव्या जवानांना विजेवरच्या गाड्यांची आग शिकवतो. शिकवतो कसला, मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवतो आणि मैदानात पेट्रोलची भंगार स्कूटर पेटवतो. जाळायला बॅटरी आम्हाला कोण देणार? बॅटरी म्हणजे बंद डबा, बाबा. गाठीसारखी उकलता येत नाही, आत पाणी पोहोचत नाही. वरून गार लागते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, पुन्हा पेटते. पारशिवनीकडच्या एका जवानानं विचारलं, "सर, मंग विझली हे समजाचं कसं?" मी म्हणालो, समजत नाही, लांब उभं राहून वाट पाहायची. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, त्या हसण्याची आता चीड येते.

मागच्या आठवड्यात त्यानंच एका इमारतीच्या पार्किंगमधली विजेवरची स्कूटर विझवली. "आधी ही इथून न्या" म्हणून रहिवाशांनी गिल्ला केला. टेम्पोत चढवताना ती भडकली. वॉर्डात त्याचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले आहेत. "पालथा हात लावून पाह्यला होता सर, थंडगार होती. मंग पेटली काहून?" हात लावू नका, हे मी वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. पण स्टेशनवरचे जुने लोक अजून तुमच्यासारखाच हात लावतात, आणि पोरं माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून शिकतात. तुमच्या त्या हातावर माझा फार जीव होता, बाबा. आता तो डोळ्यांसमोर आला की त्या पोराच्या पट्ट्याच दिसतात. सोमवारी नवी तुकडी येतेय. तिला काय सांगू, मला खरंच कळत नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार, आणि आईला तरी कसं वाचून दाखवणार? ती थकलीय, पण अजून माझ्यासाठी जेवायची थांबते. बूट काढताना आतून विचारते, "विझली का गा?" आज वॉर्डातून आलो तेव्हाही तिनं विचारलं. मी म्हणालो, "विझली वं, माय." मग ती जेवली.