पुढचं चाक

खिदिरपूर, कलकत्ता
गुरुवार, २६ फेब्रुवारी १९७६

ती. स्व. जयप्रकाशदादा यांना शरच्चंद्रचा नमस्कार. काकूंच्या पायांवर डोकं ठेवतो. वृंदावहिनींना नमस्कार, सुनीतीला आशीर्वाद.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. सात वर्षांतलं पहिलंच. पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं, पण फोडलं ते जेवणाची सुट्टी संपल्यावर. आधी वाटलं, काकूंचं काही बरंवाईट. तसं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, पण देवपूजा अजून खाली बसूनच करते. मी कस्टममध्येच आहे, त्याच शेडमध्ये. डमडमच्या तुमच्या जुन्या घरात आता एक बंगाली मास्तर राहतात. त्यांनी पुढच्या ओट्यावर तुळशीच्या जागी जास्वंद लावली आहे. सॉल्ट लेकच्या भरावावर घरं उठू लागली आहेत. दोन सरकारी ऑफिसंही तिकडे जायची म्हणतात.

सुनीती कॉलेजच्या पाच मुलींबरोबर एप्रिलात सायकलनं पचमढीला निघाली आहे, तेही जंगलखात्याच्या कच्च्या वाटांनी, आणि कुणाचं ऐकत नाही, असं तुम्ही लिहिता. तिनं टायर कुठले घ्यावेत ते मी सांगावं. ‘तुला त्यातलं कळतं. माझ्या हातांचा मला भरवसा उरलेला नाही.’ डमडमच्या कारखान्यात ज्यांच्या हाताखाली सतरा फिटर तयार झाले, त्यांनी हे लिहावं! यावर मी काय बोलू? टायरचंच लिहितो.

उन्हाळ्यात त्या बाजूची जमीन तव्यासारखी टणक होते आणि वर मुरमाचा थर राहतो. ज्वारी सांडलेल्या फरशीवरून धावावं तसं चाकाचं होतं. तिथे शहरातले अरुंद, गुळगुळीत टायर कामाचे नाहीत. पण चिखलासाठी असतात तसे लांब दातांचेही घेऊ नयेत. टणक जमिनीवर ते दात मुडपतात आणि वळणावर दगा देतात. बारीक, दाट चौकडे असलेला, अंगानं जरा रुंद टायर बघावा. दोन्ही तसे मिळाले नाहीत तर चांगला टायर पुढे घालावा. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

टायर दुकानात फार दिवस टांगलेला नसावा. दोन्ही हातांनी दुमडून बघावा, बगलेला बारीक भेगा दिसल्या तर परत द्यावा. हवा दगडासारखी भरू नये, अंगठा किंचित दबला पाहिजे. दुपारी उन्हानं हवा फुगते, म्हणून सकाळी जरा कमीच ठेवावी. बाभळीचे काटे असतील, दोन ट्यूब जास्त घ्याव्यात. आणि वाटेत कुणाशीही चाक बदलू नये. टायर कापला गेला तर त्या दिवशीचा प्रवास तिथेच थांबवावा. ट्रक मिळेल, बैलगाडी मिळेल. थांबावं.

तिनं महिनाभर आधी टायर चढवून एखाद्या मोकळ्या माळावर सवय करावी. आम्ही सॉल्ट लेकला जायचो. तेव्हा तिथे नदीतून उपसलेली नुसती वाळू होती, मैलोन्‌मैल. एकजण वळायचा, दुसरा खाली बसून चाकाकडे बघायचा.

दिगंबरचं, तुमच्या भावाचं, तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही. मीही लिहीत नाही.

तुमचा,
शरू

•

खिदिरपूर, कलकत्ता
रविवार, २१ मार्च १९७६

ती. स्व. दादा,

तुमचं कार्ड काल मिळालं. माझं पत्र सुनीतीनं घरात मोठ्यानं वाचलं, आणि ‘वाटेत कुणाशीही चाक बदलू नये’ इथे आल्यावर ती हसली. म्हणाली, “बाबा, चाक कोण कशाला बदलेल?” वहिनीही हसल्या. तुम्ही हसला नाहीत. कार्डावर तुमचा एकच प्रश्न आहे: ही ओळ का लिहिलीस?

ती ओळ लिहायची ठरवून लिहिली नव्हती. लिहिल्यावर खोडायला पेन उचललं होतं, पण खोडली नाही. तुम्ही विचाराल असं वाटलं होतं का? बहुतेक वाटलं होतं.

दादा, दिगंबरच्या सायकलचा ब्रेक चांगला होता. तुम्ही कसलेला नट जिथल्या तिथे होता. अयोध्या पहाडावरून खाली बाघमुंडीकडे उतरताना प्रत्येक वळणावर तो ब्रेक लागत होता, मी मागून ऐकत होतो.

आता सगळं लिहितो.

तुम्हाला आठवत असेल, बेंटिंक स्ट्रीटची सगळी दुकानं धुंडाळून आम्हाला हवा तसा टायरचा एकच जोड मिळाला होता. दोघांनी एकेक घेतला आणि पुढे घातला. मागे जुनेच होते. पुरुलियापर्यंत रेल्वेनं, तिथून तीन दिवस सायकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या पठारावर एका धारदार दगडानं माझा पुढचा टायर कापला गेला. बोटभर लांब, कडेपासून बगलेपर्यंत. दिगंबर तेव्हा पुढे गेला होता. मी आतून जुन्या टायरचा तुकडा लावला, ट्यूब परत भरली, आणि त्याला एवढंच म्हणालो की पंक्चर होतं.

त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. “थांबू इथेच” म्हणाला असता, नाहीतर “माझं चाक घे” म्हणाला असता. तो तसाच होता.

सकाळी तो ओढ्यावर आंघोळीला गेला. पुढे चार मैलांचा उतार होता, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी आदल्या संध्याकाळी कड्यापर्यंत जाऊन तो बघून आलो होतो. भीती वाटली, दादा. पाना हातात होता. दोन्ही सायकली एका मापाच्या, टायर एकाच नक्षीचे. मी पुढची चाकं बदलली. उतार संपला की परत बदलू, असं मनाशी म्हणालो. त्याला उतारावर माझ्यापेक्षा चांगली चालवता येते, असंही म्हणालो. पंधरा मिनिटं लागली.

तो टॉवेल डोक्याला गुंडाळून आला. रोजच्यासारखा टायरवर अंगठा दाबला. मग बगलेवरून हात फिरवला. एका जागी त्याचा हात थांबल्यासारखा मला वाटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“काय रे?” मी विचारलं.

“काही नाही. चल, ऊन व्हायच्या आत उतरू.”

त्याला कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. सात वर्षं मी ते पाहणं पुन्हा पुन्हा आठवतो. कधी वाटतं, तो नुसताच बघत होता. कधी वाटतं, त्याला सगळं कळलं होतं आणि तो मी बोलायची वाट बघत होता.

तो पुढे, मी मागे. तांबड्या धुळीत सरळ वाटेवर मागच्या चाकाखाली पुढच्या चाकाचा माग पुसला जाई, पण वळणांवर दोन माग वेगळे होत. पुढच्या मागात दर फेऱ्याला एक तिरका ओरखडा उठत होता. तो मला स्वच्छ दिसत होता. हाक मारता आली असती. अकरा वळणं गेली, मी मोजली. दर वळणाला वाटायचं, हे गेलं, आता पुढच्याला हाक मारू.

बाराव्याला टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज. चाक मुरमात आडवं झालं आणि तो कडेवरून खाली गेला. खाली ओढ्याचे कोरडे दगड होते.

मी खाली उतरून त्याच्यापाशी गेलो, त्याचं डोकं माझ्या शर्टावर ठेवलं, आणि वर चढून, मदतीला म्हणून सायकलवर बसून जंगलखात्याच्या नाक्याकडे सुटलो. उरलेला सगळा उतार मी त्याच्या चाकावर उतरलो. एकदाही घसरलं नाही, दादा. किती सुरेख पकड होती त्या टायरची. एका वळणावर मला त्याचं बरंही वाटलं, क्षणभर. ते मी कुणापाशीच बोललेलो नाही.

जीप घेऊन परत आलो तेव्हा तो शुद्धीवर होता. “पाणी खाईन,” म्हणाला. बंगाली मित्रांत वाढलेल्या त्याच्या मराठीला तुम्ही घरात हसायचात, ते तेव्हा आठवलं. मी पाणी दिलं. तो प्यायला. मग म्हणाला, “तुला लागलं नाही ना?” तेच त्याचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुरुलियाला आलात. इस्पितळाच्या व्हरांड्यात मी बाकावर होतो. येताना नाक्यावर तुम्ही सायकल बघितली होती. पडताना ब्रेकचा रॉड वाकला होता, नट गळून पडला होता. फुटक्या टायरकडे तुम्ही वळूनही पाहिलं नव्हतं. पडल्यावर टायर फुटतोच. तुम्ही माझ्यापुढे उभे राहिलात आणि तुमचा तो प्रश्न.

“शरू, ब्रेक लागला नाही का रे? मी कसला होता ना नट? निघायच्या आदल्या दिवशी. कसला होता ना मी?”

मी म्हणालो, “बहुतेक लागला नसावा.”

एवढंच म्हणालो. मग तुम्ही कारखाना सोडलात, कलकत्ता सोडलंत, नागपूरला कागदांवर सह्या करायची नोकरी धरलीत. तुम्ही घरातला साधा पंखाही स्वतः उघडत नाही, असं इथल्या मराठी मंडळातल्या एकांनी मागे मला सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि चहा प्यायलो.

मला दुसऱ्या कशाचा त्रास होत नाही. सायकलींचा होतो. रस्त्यात माझी नजर माणसांच्या तोंडाकडे जात नाही, पुढच्या चाकाकडे जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेडमध्ये गंधकाची पोती फुटून जमिनीवर पिवळी पूड पसरली होती. एक कारकून त्यातून सायकल घेऊन गेला. वळला तिथे दोन माग सुटे झाले, आणि पुढच्या मागात दर फेऱ्याला ओरखडा. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत धावलो, “थांबा, थांबा” असं मराठीत ओरडत. तो घाबरून उतरला. त्याच्या टायरला काही झालेलं नव्हतं. मी परत येऊन बघितलं तर हमालांनी पूड झाडून टाकली होती. ओरखडा खरंच होता की नाही, कुणाला विचारणार?

क्षमा मागण्यासाठी हे लिहीत नाही. सुनीतीच्या सायकलीला हात लावायला तुम्ही भिऊ नये म्हणून लिहितो. तुमच्या हातांनी काही केलेलं नाही.

काकूंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

नेहमीसारखं ‘तुमचा’ लिहिणार होतो. ते तुमच्यावर सोडतो.

शरच्चंद्र

•

नागपूर
सोमवार, १२ एप्रिल १९७६

शरू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पहिल्या दिवशी अंगणात उभा राहून वाचलं आणि ऑफिसला गेलोच नाही. वृंदानं काय झालं विचारलं, तिच्या हातात पत्र दिलं. तिनं वाचून दाराला कडी घातली, आईला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. ती तुझ्यासाठी रडत होती की माझ्यासाठी, मी विचारलं नाही.

सात वर्षांत आईनं माझ्यासमोर कधी सायकलचं नाव काढलं नाही. रस्त्यात घंटी वाजली तरी ती काहीतरी बोलायला लागायची, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला दोष दिला असता तर मी तिच्याशी भांडलो असतो. तिनं मला सांभाळलं. ते सांभाळणं मी रोज जेवलो.

तू भ्यालास हे मला समजतं. उतार मी पाहिला आहे, मीही भ्यालो असतो. चाक बदललंस तेही एखाद्या दिवशी समजेल. पण पुरुलियाच्या व्हरांड्यात मी तुझ्यापुढे हात पसरून उभा होतो, आणि तू ‘बहुतेक’ म्हणालास. ते मला समजत नाही. वृंदा म्हणते क्षमा करा. मला जमत नाही, आणि जमल्याचं खोटं मी लिहिणार नाही.

सुनीतीलाही पत्र वाचायला दिलं. तिला काका आठवतो, त्याच्या खांद्यावर बसून ती डमडमच्या बाजारात जायची. पत्र घडी करून तिनं परत दिलं. मग म्हणाली, “बाबा, टायरचं त्यांनी खरं लिहिलंय. मी तेच घेणार.” काल सकाळी गेली. सहाही मुली हसत गेल्या. मी रस्त्याच्या टोकापर्यंत बरोबर चाललो.

आईला अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही आणि वृंदाही सांगणार नाही. आई चौऱ्याहत्तरची आहे, दिसतं कमी, पण ऐकू नीट येतं. दिगू शेवटी काय बोलला, हे तिनं मला एकदा विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. ते फक्त तुला माहीत आहे, आणि तू सात वर्षं ते स्वतःपाशी ठेवलंस.

तू ये. तिच्यासमोर बसून तिला सांग, तो पाणी प्यायला, आणि तुला लागलं का म्हणून त्यानं विचारलं. त्याच्या आधीचंही सगळं सांग, एक वळण न गाळता. ती काय म्हणेल मला ठाऊक नाही. जे म्हणेल ते आपण दोघं ऐकू.

स्टेशनवर मी येणार नाही. दार उघडं असेल.

दिगंबरचा भाऊ,
जयप्रकाश