हजेरीपटावरचं नाव

जालिंदरभावजी,

जिथं असाल तिथं वहिनीचं एवढं ऐका.

तलावाच्या दुष्काळी कामावर दरड ढासळून तुमचे दादा गेले, त्याला महिना झाला. दरडीला भेग पडलीय म्हणून बायकांनी दोनदा सांगितलं हुतं, तरी मुकादमानं माणसं खाली उतरवली. भरपाईसाठी मी नगरला वकिलाकडं गेले. लग्नानंतर पहिल्यांदा दादांचं नाव तोंडानं घेतलं. वकील कागद बघून म्हणाले, "बाई, या नावाचा माणूस मेलेलाच नाही. मेलाय तो जालिंदर."

तुमी काम टाकून निघून गेलात. हजेरीपटावर नवी नावं घेणं बंद हुतं, म्हणून दादा तुमच्या नावावर माती उचलत हुते. आता दावा लावायचा तर तुमीच कोर्टात उभं राहून सांगायला पायजे, की मी जिता हाय. न्हाईतर, वकिलाचा कारकून हळूच म्हणाला, जालिंदरच्या बायकोला विधवा म्हणून उभी करा.

काल तुमची कलाबाई माझ्यापुढं येऊन बसली. कपाळ पुढं करून म्हणाली, "आक्का, तुमीच पुसा."

तुमचा पत्ता तिलाबी ठाऊक न्हाई. लवकर या, भावजी. माझा हात तिच्या कुंकवाकडं उठला हुता.

कागदावर अजून सवाशीण असलेली
तुमची वहिनी, मनकर्णा