मुलुंडचं घर आणि काजळीचं गणित

मी, शीतल राजाराम गमरे, वय एकोणपन्नास, रसायन अभियांत्रिकीची संशोधक, राहणार मुलुंड पूर्व, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. आजार स्वादुपिंडाचा आहे, बुद्धीचा नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मुलुंडची सदनिका माझ्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून घेतलेली असून ती माझा धाकटा भाऊ विशाल यास पूर्ण मालकी हक्काने मिळावी. तो नको म्हणेल, म्हणून कारण लिहिते.

ज्वाळेत कार्बनचे अतिसूक्ष्म कण कसे जन्मतात, द्राक्षाच्या घडांसारखे कसे चिकटतात, याचं गणित संगणकावर मांडणं हे माझं काम. आई शेजारणींना सांगायची, "आमची शीतल काजळीत डॉक्टर झाली." टायरसाठी काजळी बनवणाऱ्या एका कारखान्याने आमच्या प्रयोगशाळेला काम दिलं. तिथेच विशाल पोती भरायचा. वडील गेल्यावर धाकटा असून शाळा त्याने सोडली, म्हणून मी शिकले.

कारखान्याचं म्हणणं, पोती भरताना हे घड खाली बसतात. माझं गणित म्हणत होतं, ते फुटतात आणि सगळ्यांत बारीक कण हवेत तरंगत राहतात. तिथली हवा गाळून तपासली. गणित खरं निघालं.

माझे मार्गदर्शक डॉ. सुबोध साठम म्हणाले, "निष्कर्ष बरोबर आहे. फक्त अहवालात नको."

निष्कर्ष सरकारी निरीक्षकांकडे पाठवण्याआधी मी विशालला सांगितलं.

"ताई, भरणी बंद झाली तर आम्ही जायचं कुठे?"

"छातीत जातंय रे ते तुझ्या."

"आधी पोटात काय जाणार ते सांग ना."

मी पाठवला. भरणी बंद झाली, नंतर यंत्र आलं, माणसं घरी बसली. विशालने बोलणं टाकलं. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनालाही आम्ही दोन कोपऱ्यांत बसलो होतो. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण त्याच्या बायकोने, नीलमने, त्याच्या फुप्फुसांचे फोटो आणून दाखवले तेव्हा कळलं, कण आधीच आत पोचले होते.

२. संगणकातलं सगळं गणित माझी विद्यार्थिनी प्रांजल हिच्याकडे जावं. मागेल त्याला तिने ते फुकट द्यावं. ते कुठे चुकू शकतं हे मी त्या गणिताच्या शेवटी लिहिलं आहे, तेवढं कोणी गाळू नये. "मॅडम, त्या कारखान्यालाही द्यायचं?" तिने विचारलं. त्यांना सगळ्यांत आधी.

३. डॉ. साठम यांनी अहवालातून माझं नाव काढलं आणि पुढे याच गणितावर देशोदेशी व्याख्यानं दिली. त्यांना काही देत नाही. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. ते फार छान बोलतात.

४. आईच्या बांगड्या भावजय नीलम हिला. अबोल्याच्या सगळ्या वर्षांत ती सुकटीची चटणी घेऊन येत राहिली. "ह्यांना माहीत नाही हां," म्हणायची. मला वाटतं, त्याला माहीत होतं.

५. त्रिशरण-पंचशील म्हणावं आणि देह विद्युतदाहिनीत द्यावा. लाकडं नकोत. धुराचा अभ्यास पुरे झाला.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. जानकी परब यांनी करावी.

आज विशाल आला. नीलमने आणलं. बराच वेळ त्याला श्वासच पुरेना. साक्षीदार हवेत असं त्याने ऐकलं होतं; त्याने खिशातून पेन काढलं. परब बाई म्हणाल्या, "ज्याला मिळणार, त्याची साक्ष नको."

"मला काय मिळणार?"

मी सांगितलं. त्याने पेनचं टोपण लावलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. तो अजून गेलेला नाही. खोकतो आहे, ते मला इथे ऐकू येतं. मी सही करत आहे.

ठिकाण : मुलुंड पूर्व
दिनांक : ११ जानेवारी २०२५

(सही) शीतल राजाराम गमरे

शीतलताईंनी आम्हा दोघांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत :
१. (सही) डॉ. देवेश कारखानीस, उपचार करणारे डॉक्टर
२. (सही) चंद्रप्रकाश धाकू म्हसकर, शेजारी