मालगाडीचा फोटो आणि रविकांतचा जबाब

मी, गुणाबाई शरणप्पा बिरादार, वय ६९, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार चाकूर, जि. लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो का जोडावा लागला, ते आधी लिहिते.

निवृत्तीपासून अकरा वर्षे मी रेल्वे इंजिनांचे फोटो काढत आले. कोणाला भजनाचा नाद असतो, मला हा. गेल्या वर्षी मे महिन्यात, सीमेवर तणाव असताना, जवळच्या एका स्थानकावर (नाव लिहीत नाही, तिथला पोर्टर भला आहे) मालगाडीचा फोटो काढताना पोलिसांनी मला धरले. शेजारी पोरी रील बनवत होत्या. त्यांना कोणी हटकले नाही.

“फोटो कुणाला पाठवता?”

“कुणालाच न्हाई. कोणत्या कायद्यानं मनाई हाय, ते लेखी द्या.”

“बाई, लई कायदा शिकवून राहिल्या तुम्ही,” म्हणत त्यांनी कॅमेऱ्याच्या कार्डावरचे सगळे फोटो माझ्यासमोर पुसले. पाच तास चौकीत बाकावर बसवले. किळस आली, पण ती परक्या माणसांची होती. धुतली गेली असती.

मुलगा रविकांत बायकोसह लातूरहून आला, तिला घेऊन आतल्या खोलीत जाऊन आला आणि मला सोडवून घेऊन गेला. “वळख काढली,” म्हणाला.

पुढे मी माहिती अधिकारात अर्ज केला: मनाईचा नियम दाखवा. नियम आला नाही. रविकांतच्या जबाबाची नक्कल आली: “माझी आई मनोरुग्ण आहे. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. यापुढे तिला एकटी घराबाहेर सोडणार नाही.” अक्षर सुरेख. मीच गिरवून घेतलेले.

विचारले तर म्हणाला, “आई, कागदच तर हाय. सुटलीस ना?” त्यानंतर त्याच्या घरचे पाणीसुद्धा मला गिळवत नाही.

तरी वाटणी अशी.

१. चाकूरचे घर व बँकेतील ठेव मुलगी राजकन्या हिला, विनाअट.

२. माझ्या नावची दोन एकर जमीन रविकांतला. अट एकच: माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत त्याने त्याच चौकीत जाऊन ‘तो जबाब खोटा होता’ असे लेखी द्यावे व शिक्क्याची पोच घ्यावी. लाज वाटत असेल तर जमीन सोडावी. ती राजकन्येला जाईल.

३. शोकफलकावर ‘भोळी’, ‘साधी’ असले काही लिहू नये. ‘शिक्षिका’ पुरे.

४. कॅमेरा सून अंबिका हिला. त्या जबाबावर दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे. रविकांतने चौकीत तिच्यापुढे पेन धरला तेव्हा ती “मी न्हाई करत” एवढेच म्हणाली, हे मला राजकन्येकडून उशिरा कळले.

(कलम ४ खोडले आहे. साक्षीला अंबिकाच बसली होती; हा मजकूर वाचताना वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, पुढे वांधे होतात. अंबिका म्हणाली, “मग कॅमेरा नको मला, आत्याबाई. सही करते.” मी म्हटले, “रविकांत वरडंल.” “वरडू द्या.” कॅमेरा राजकन्येला द्यावा.)

ठिकाण: चाकूर
दिनांक: ११ मार्च २०२६

लिहून ठेवणार: गुणाबाई शरणप्पा बिरादार (सही)

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. मलप्पा हुडगे, निवृत्त पोस्टमन, शेजारी (सही)
२. सौ. अंबिका रविकांत बिरादार (सही)